शेण थोडे, काडीकचरा फार: पिकांच्या अवशेषांवर बायोगॅस कसा चालवावा

गावोगावी बंद पडलेल्या गोबरगॅसची चौकशी केली तर कारण बहुतेक ठिकाणी एकच निघते. गोठा रिकामा झाला. बैलांची कामे ट्रॅक्टरकडे गेली, चार जनावरांची दोन राहिली आणि रोज दोन घनमीटर गॅस देणाऱ्या संयंत्राला लागणारे ५० किलो शेण घरात निघेनासे झाले. त्याच घराच्या बांधावर मात्र कोबीचा पाला, मक्याची धाटे, केळीचे खुंट, सडका कांदा आणि भाताचा पेंढा यांचे ढीग पडून असतात. त्यातले बरेचसे शेवटी काडी लावून पेटवले जाते. थोडे शेण आणि भरपूर काडीकचरा असलेल्या घराने त्या ढिगातून चुलीचा गॅस आणि शेताचे खत कसे काढावे, ते इथे पायरीपायरीने सांगतो.

गायीची कामे आता आपल्याकडे

शेणाच्या संयंत्रात पाला ढकलला आणि संयंत्र बिघडले, असा अनुभव अनेकांना येतो. दोष पाल्याचा नसतो. शेण म्हणजे गायीने आधीच बारीक चावलेला, लाळेत भिजवलेला, जिवाणू मिसळलेला आणि अर्धाअधिक पचवलेला चारा. गायीच्या लाळेत सोड्याच्या जातीचे क्षार असतात आणि मोठी गाय दिवसाला १०० लिटरच्या वर लाळ तयार करते, म्हणून तिच्या पोटात आम्ल साठत नाही. बांधावरचा पाला यातल्या एकाही टप्प्यातून गेलेला नसतो. बारीक करणे, भिजवणे, जिवाणू मिसळणे, आंबटपणा आवरणे आणि रोज ठरलेल्या वेळी ठरलेला घास देणे ही पाचही कामे आता आपल्याला करायची आहेत. यातले एकही गाळले तरी संयंत्र रुसते.

टाकीत काय घडते तेही थोडक्यात समजून घ्या. आधी काही जिवाणू पाल्यातील पिष्ट, साखर आणि तंतू फोडतात. दुसरे त्यांची आम्ले बनवतात. शेवटचा गट त्या आम्लांपासून मिथेन तयार करतो. पहिले दोन गट दणकट आणि झपाट्याने वाढणारे आहेत. मिथेन करणारे मात्र नाजूक आहेत. त्यांना हवा अजिबात चालत नाही, सामू (आंबटपणा मोजणारा pH) ६.८ ते ७.५ च्या दरम्यान लागतो, ३० ते ४० अंश सेल्सिअसची ऊब लागते आणि त्यांची वाढ संथ असते. भाजीपाला, फळे, शिळे अन्न यांतून आम्ल इतक्या वेगाने तयार होते की त्यांना ते उरकत नाही. पेंढ्याचे उलटे असते. तो फुटतच नाही, पाण्यावर तरंगतो आणि टाकीत जाड साय धरतो. वनस्पतींच्या कचऱ्यावर संयंत्र चालवताना या दोन टोकांच्या मधून वाट काढावी लागते.

पायरी १: आठवडाभर कचरा तोला आणि वेगळा करा

बांधकामाचा विचार नंतर. आधी आठवडाभर रोज निघणारे शेण आणि काडीकचरा ताणकाट्यावर तोलून वहीत लिहा. नुसत्या नजरेने अंदाज केला तर तो हमखास फुगतो. तोलताना तीन ढीग करा.

पहिला ढीग मऊ आणि रसाळ मालाचा. भाजीपाल्याचे अवशेष, पडलेली फळे, केळी, कोवळे गवत, नेपियर, मक्याचा हिरवा पाला, भुईमुगाचा पाला, जलपर्णी. यातून गॅस लवकर मिळतो. उसाचे वाढे, ज्वारीचा कडबा यांसारखे जे जनावर खाते ते आधी जनावरालाच द्या. तेच पुढे शेण होऊन संयंत्रात येते आणि मधल्या वाटेत दूधही देते. चांगला चारा थेट टाकीत ढकलणे मला पटत नाही.

दुसरा ढीग काडाचा. भाताचा पेंढा, गव्हाचे काड, मक्याची वाळलेली धाटे, सोयाबीनचे कुटार. यात गॅस आहे, पण तयारी केल्याशिवाय तो हाती लागत नाही.

तिसरा ढीग लाकडाळ मालाचा. पऱ्हाट्या, तुराट्या, नारळाच्या झावळ्या, झाडांच्या फांद्या. लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन हवेवाचून जगणाऱ्या जिवाणूंना पचत नाही. हा माल महिनोन्महिने टाकीत ठेवला तरी जवळजवळ तसाच बाहेर येतो आणि मधल्या काळात जागा अडवतो. त्याच्या नादी लागू नका. उसाचे पाचटही टाकीत नको. त्याची खरी जागा सरीत, आच्छादन म्हणून.

काही गोष्टी पहिल्या ढिगातल्या असूनही बेताने वापराव्यात. संत्रे-मोसंबीच्या सालीतले तेल जिवाणूंना मारक असते, म्हणून नागपूरकडच्या बागायतदारांनी साली अगदी थोड्या टाकाव्यात. सडका कांदा फार झाला की टाकी आंबते आणि गॅसला गंधकाचा उग्र वास येतो. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणाची किंवा दुसऱ्या ताम्रयुक्त औषधाची ताजी फवारणी झाली असेल तर तो पाला नको, कारण तांबे जिवाणूंना विषासारखे असते. केळीच्या खुंटात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते आणि त्याचे लांब तंतू नळीत व ढवळणीत गुंडाळले जातात. खुंट वापरायचे असतील तर आडवे, पातळ काप करूनच वापरा.

पायरी २: गॅसचा हिशेब मांडा

पुढचे आकडे घरगुती संयंत्रासाठी अंदाज म्हणून धरावेत. एक किलो ताज्या शेणातून ३५ ते ४० लिटर गॅस मिळतो. एक किलो भाजीपाल्याच्या कचऱ्यातून ४० ते ५० लिटर, बारीक केलेल्या हिरव्या गवतातून ६० ते ८० लिटर, भिजवून मुरवलेल्या कोरड्या काडातून १५० ते २५० लिटर, तोही सावकाश. किडलेल्या धान्याच्या पिठातून ५०० लिटरच्या वरही मिळतो. पिठाचा हा जोर ओळखून पुण्याच्या आरती (ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी पिष्ट आणि साखर असलेल्या खरकट्यावर चालणारे आटोपशीर संयंत्र विकसित केले. त्याला २००६ साली शाश्वत ऊर्जेसाठीचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तुमच्याकडे जनावर नसेल आणि घरापुरताच गॅस हवा असेल तर त्या जातीच्या संयंत्राची माहिती जरूर काढा.

एका माणसाच्या दोन वेळच्या स्वयंपाकाला दिवसाला सुमारे पाव घनमीटर, म्हणजे २५० लिटर गॅस लागतो. पाच जणांच्या घराला सव्वा घनमीटर पुरतो. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे साधारण ४३० ते ४५० ग्रॅम एलपीजी, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरला बायोगॅसचे ३२ घनमीटर भरतात. रोज सव्वा घनमीटर मिळाला तर दर २५-२६ दिवसांना एक सिलिंडर वाचतो.

दोन जनावरांचे २० किलो शेण आणि १२ किलो हिरवा, बारीक केलेला पाला एवढा माल रोज मिळतो असे धरू. गॅस सुमारे १.३ ते १.५ घनमीटर येईल. आता टाकीचे माप. शेणात पाचवा हिस्सा कोरडा माल असतो, म्हणजे ४ किलो. पाल्यात साधारण २ किलो. एकूण ६ किलो कोरडा माल ९ टक्क्यांपर्यंत पातळ करायचा तर काला, म्हणजे शेण-पाला-पाण्याचे मिश्रण, ६५ ते ६७ लिटर व्हायला हवा, म्हणजे पाणी ३५ लिटर. महाराष्ट्राच्या हवेत निव्वळ शेणाला टाकीत ३० ते ४० दिवसांचा मुक्काम पुरतो. पाला मिसळला की तो ५५ दिवसांपर्यंत न्यावा. ६७ गुणिले ५५ म्हणजे जवळपास ३,७०० लिटर. पातळ घोळासाठी पावणेचार घनमीटर जागा हवी आणि वर गॅस साठवायला पाऊण ते एक घनमीटर. शेणासाठी ४० दिवसांच्या मापाने बांधलेले, रोज दोन घनमीटर गॅस देणारे संयंत्र जवळपास याच आकाराचे असते. त्यामुळे शेणाअभावी बंद पडलेले जुने संयंत्र तुमच्याकडे असेल आणि घुमट शाबूत असेल, तर नवे बांधण्याआधी त्याचीच दुरुस्ती करा.

पायरी ३: कोणते संयंत्र?

भारतात घरगुती वापरात दोन रचना रुळल्या आहेत. एक तरंगत्या टाकीची, जिचा प्रसार खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने केला. दुसरी जमिनीत बांधलेल्या पक्क्या घुमटाची, दीनबंधू, जी ॲफ्प्रो संस्थेने १९८४ साली आणली. दीनबंधू स्वस्त पडते आणि लोखंड नसल्याने गंजत नाही. पण तिच्या पोटात साय धरली तर ती फोडायला हात पोचत नाही. म्हणून दीनबंधूत शेणाच्या जोडीला फक्त मऊ पाला घालावा, काड घालायचेच तर मुरवून आणि अगदी थोडे. तरंगती टाकी दिवसातून दोनदा अर्धा फेरा फिरवली की साय फुटते, शिवाय वेळ आली तर टाकी उचलून थर बाहेर काढता येतो. मऊ पाल्याबरोबर काडही टाकायचे असेल तर मी तरंगत्या टाकीच्या बाजूने कौल देईन. रबरी किंवा प्लास्टिकच्या पिशवीची तयार संयंत्रेही मिळतात. ती लवकर बसतात, पण उंदीर, काटे आणि उन्हाने चिरतात, आणि त्यांच्या आतली साय काढणेही अवघड जाते.

निवड कोणतीही असो, गवंड्याला दोन बदल आधीच सांगून ठेवा. प्रवेशनळी किमान ६ इंची, शक्यतो ८ इंची घ्या आणि ती सरळ, उतरती ठेवा, म्हणजे बांबू घालून अडलेला पाला खाली ढकलता येतो. मिश्रणाच्या कुंडीच्या तळाशी खळगा ठेवा, म्हणजे माती आणि खडे तिथेच बसतात. शेताच्या पाल्याबरोबर माती फार येते. ती एकदा टाकीत गेली की बाहेर निघत नाही आणि वर्षावर्षाने टाकीची जागा खात जाते.

पायरी ४: जागा, बांधकाम, तपासणी

जागा उन्हातली, स्वयंपाकघराच्या जवळची, पावसाचे पाणी न साचणारी आणि विहिरीपासून किमान १५ मीटर लांब असावी. पिंपळ-वड जवळ नकोत, मुळे घुमट फोडतात. बांधकाम अनुभवी गवंड्याकडूनच करून घ्या. तुम्ही लक्ष द्यायचे ते आतल्या गिलाव्याकडे, घुमटाच्या पाण्याच्या कामाकडे आणि शेवटच्या चाचणीकडे. टाकी पाण्याने भरून दिवसभर पातळी पाहा. मग गॅसची नळी बंद करून आतल्या हवेला दाब द्या आणि यू आकाराच्या पारदर्शक नळीत पाण्याचा फरक मोजा. २४ तासांत तो दोन-तीन सेंटिमीटरहून जास्त उतरला तर गळती आहे. ही चाचणी झाल्याशिवाय गवंड्याचा शेवटचा हप्ता देऊ नका.

गॅसची नळी सगळीकडे एका बाजूला उतरती ठेवा आणि सर्वांत खालच्या ठिकाणी पाणी काढायचा कॉक बसवा. बायोगॅस ओलसर असतो. नळीत साचलेले पाणी काढले नाही की शेगडी फुरफुरते आणि विझते. नळीचे सांधे साबणाच्या फेसाने तपासा, काडी पेटवून कधीच नाही.

पायरी ५: पहिली भरणी

पहिली भरणी पाल्याने करू नका. शेण आणि पाणी सारख्या मापाने कालवा, त्यात चालू संयंत्रातून बाहेर पडलेली स्लरी दहाव्या हिश्शाने मिसळा आणि टाकी भरा. शेण घरचे पुरत नसेल तर शेजाऱ्यांचे जमवा. ही मेहनत एकदाच करायची असते. उन्हाळ्यात दोन ते तीन आठवड्यांत गॅस दिसू लागतो, थंडीत महिन्याच्या वर जातो. पहिला गॅस जळत नाही, कारण त्यात आधीची हवा आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो उघड्यावर, आगीपासून लांब सोडून द्या. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन मिसळला की स्फोट होऊ शकतो, म्हणून संयंत्राच्या तोंडाशी पेटवून पाहण्याचा प्रकार जिवावर बेततो. गॅस पेटतो का ते शेगडीवरच, खिडक्या उघड्या ठेवून पाहावे.

ज्योत निळी आणि स्थिर झाली की आठवडाभर फक्त शेण-पाणी चालू ठेवा. मग पाल्याला सुरुवात. पहिल्या आठवड्यात रोज २ किलो, दुसऱ्यात ४, असे वाढवत पाच-सहा आठवड्यांत १२ किलोंवर या. मिथेनचे जिवाणू नव्या खाद्याला हळूहळूच सरावतात. लग्नसराईत एकदम पोतेभर कोबीचा पाला टाकला की दुसऱ्या दिवशी गॅस वाढल्यासारखा वाटतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ज्योत मरते.

पायरी ६: माल तयार करणे

खरी मेहनत इथे आहे, आणि इथेच बहुतेक जण आळस करतात.

हिरवा पाला कडबाकुट्टीतून दीड-दोन सेंटिमीटरचा काढा. जितका बारीक तितका जिवाणूंना चिकटायला पृष्ठभाग जास्त, आणि तरंगण्याची ओढ कमी. कुट्टी झालेला पाला रात्रभर बाहेर आलेल्या स्लरीत भिजत घाला. भिजवण साध्या पाण्यापेक्षा स्लरीची चांगली, कारण तिच्यात जिवंत जिवाणू असतात आणि आम्ल आवरणारे क्षारही असतात. गायीची लाळ जे काम करते त्याची बरीचशी भरपाई इथे होते. वर सांगितलेल्या ३५ लिटर पाण्यापैकी १० लिटरच्या जागी तुम्ही स्लरी वापरू शकता. त्याने पाणीही वाचते, मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात ही मोठी गोष्ट आहे. मात्र सगळेच पाणी बदलू नका, नाहीतर क्षार आणि अमोनिया साठत जातो.

काडाला आणखी एक टप्पा लागतो, मुरवण्याचा. कुट्टी केलेल्या पेंढ्यावर गोमूत्र आणि स्लरी शिंपडा. मूठ दाबली की बोटांतून थेंब सुटावा इतका ओला करा. सावलीत गुडघाभर उंचीचा ढीग लावून पाच ते सात दिवस झाका. ढीग आतून गरम होतो, पेंढ्यावरचा मेणासारखा थर सुटतो, काडी मऊ पडते. सात दिवसांच्या पुढे नेऊ नका. तो कंपोस्ट होऊ लागतो आणि गॅसचा माल हवेत जातो.

काड टाकताना कर्ब-नत्र गुणोत्तर सांभाळावे लागते. जिवाणूंना २० ते ३० भाग कर्बामागे एक भाग नत्र हवा. शेणात ते जवळपास जुळलेलेच असते, पाल्यातही बऱ्याचदा जुळते. भाताच्या पेंढ्यात ६० ते ७०, गव्हाच्या काडात त्याहूनही जास्त. ३० किलो शेणात ५ किलो पेंढा घातला की मिश्रणाचे गुणोत्तर साधारण ३४ होते. त्यात ५ लिटर गोमूत्र ओतले की ते २५ च्या जवळ येते. गोठ्याची मोरी संयंत्राच्या कुंडीकडे वळवली तर हे काम रोज आपोआप होते. गोमूत्र नसेल तर भुईमुगाचा, हरभऱ्याचा किंवा शेवऱ्याचा हिरवा पाला काडाबरोबर टाका. युरियाच्या वाटेला जाऊ नका. हात जरा सैल पडला की अमोनिया वाढून जिवाणू मरतात.

पाला बारमाही मिळत नाही. पावसाळ्यात बांधावर गवत माजते आणि मार्चनंतर काहीच उरत नाही. त्यासाठी मुरघास हा उत्तम मार्ग आहे. कुट्टी केलेला हिरवा पाला पिशवीत दाबून, हवा काढून बंद करा. जनावरांसाठी करतो तीच पद्धत. मुरघास आंबट असतो, म्हणून टाकीत घालताना ताज्या पाल्याच्या निम्म्याने सुरुवात करा आणि त्याला स्लरीची भिजवण अवश्य द्या.

पायरी ७: रोजचा क्रम

भरणी रोज एकाच वेळी करा, शक्यतो ऊन तापल्यावर दुपारी. कुंडीत आधी शेण आणि पाणी कालवून एकजीव करा, मग भिजवलेला पाला घाला, ढवळा, दोन मिनिटे थांबा. खडे-माती तळाला बसली की वरचा काला सोडा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घालायचे नाही. तरंगती टाकी असेल तर ती फिरवा. दीनबंधू असेल तर प्रवेशनळीत बांबू दहा-पंधरा वेळा खालीवर करा. आठवड्यातून एकदा निकास कुंडीतल्या स्लरीला सामूची पट्टी लावा, ती कृषी सेवा केंद्रात किंवा प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्याकडे मिळते. पट्टी ७ च्या आसपास असेल तर सगळे ठीक.

थंडीत गॅस घटतोच, नाशिक-निफाडकडे किंवा विदर्भात पहाटेचा पारा उतरतो तेव्हा निम्म्यावरही येतो. पाण्याचे पिंप काळे रंगवून उन्हात ठेवा आणि तेच कोमट पाणी काल्याला वापरा. घुमटावर मातीचा आणि त्यावर पेंढ्याचा जाड थर द्या. थंडी आहे म्हणून जास्त खाद्य घालू नका, कारण थंडीत पचन मंद असते आणि जादा माल नुसता आंबतो.

बिघाड ओळखणे

सर्वांत जास्त होणारा बिघाड आंबण्याचा. ज्योत अशक्त होते, वारंवार विझते, निकासातून आंबट, शिळ्या ताकासारखा वास येतो आणि सामू ६.५ च्या खाली जातो. पाला आणि पीठ लगेच थांबवा. तीन-चार दिवस काहीच घालू नका, नंतर काही दिवस थोडे शेण आणि दुसऱ्या चालू संयंत्राची स्लरी दोन-तीन बादल्या द्या. एवढ्याने बहुतेक वेळा भागते. सामू ६ च्या खाली गेला असेल तर टाकीच्या एका घनमीटरमागे अर्धा किलो कळीचा चुना आधी पाण्यात सावकाश विरघळवून, निवल्यावर स्लरीत मिसळून प्रवेशनळीतून सोडा. दुसऱ्या दिवशी पट्टी लावून मगच पुढचे ठरवा. एकदम जास्त चुना घातला तर तो टाकीतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि घुमटातला दाब झपकन उतरतो.

ज्योत पिवळी आणि काजळी धरणारी असेल तर शेगडीची हवेची खिडकी उघडा. गॅस भरपूर पण शेगडी फुरफुरते, तर नळीत पाणी आहे. गॅस हळूहळू कमी होत गेला, सामू मात्र ठीक, आणि निकासातून स्लरी पातळ पाण्यासारखी येते, तर आत साय धरली आहे आणि काल्याने तिच्या खालून वाट काढली आहे. तरंगत्या टाकीत ती दाताळ्याने फोडून काढा. दीनबंधूत निकासाच्या बाजूने स्लरी बादल्यांनी काढून पुन्हा प्रवेशातून जोरात ओता. आठ-दहा दिवस रोज असे केले की साय मऊ पडून सुटते.

आणि हे कधीही विसरू नका: संयंत्राच्या टाकीत माणूस उतरवायचा नाही. गॅस सोडून दिला, झाकण उघडले, दोन दिवस झाले, तरीही नाही. आत प्राणवायू नसतो आणि हायड्रोजन सल्फाइड दोन-चार श्वासांत शुद्ध घालवतो. आत पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. अशा घटनांत घरेच्या घरे उद्ध्वस्त झाली आहेत. गाळ काढायची वेळ आली तर गाळाच्या पंपाने, वरून काढा.

फक्त काडच असेल तर

जनावर नाही आणि पेंढा ढीगभर, अशा शेतकऱ्याला रोजच्या भरणीच्या संयंत्राचा आग्रह मी धरणार नाही. त्याच्यासाठी कोरड्या भरणीची पद्धत आहे. विटांचा पक्का, हवाबंद झाकणाचा हौद बांधा. मुरवलेला पेंढा आणि जुन्या संयंत्रातली घट्ट स्लरी थरावर थर द्या. स्लरीचे वजन एकूण मालाच्या किमान तिसऱ्या हिश्शाइतके हवे. झाकण लावा आणि तळाला झिरपणारे पाणी दर दोन-तीन दिवसांनी पंपाने वर फिरवा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून गॅस सुरू होतो आणि तीन-चार महिने चढत-उतरत मिळतो. गॅस संपत आला की हौद उघडून सगळे खत म्हणून काढायचे. उघडण्याच्या आधी गॅस पूर्ण सोडून द्यावा आणि त्या दिवशी आसपास विडीसुद्धा पेटवू नये. अखंड गॅस हवा असेल तर दोन हौद आळीपाळीने भरा.

पेंढ्याचा बायोगॅस मोठ्या प्रमाणावरही होतो. पंजाबात संगरूर जिल्ह्यातल्या लेहरागागा इथे २०२२ साली सुरू झालेला प्रकल्प भाताच्या पेंढ्यापासून दिवसाला ३३ टन दाबीकृत बायोगॅस काढण्याच्या क्षमतेचा आहे. केंद्र सरकारने २०१८ साली आणलेल्या ‘सतत’ योजनेतून असा गॅस तेल कंपन्या विकत घेतात. आपल्याकडे साखर कारखान्यांचे प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, याच कामी येते. पण तिथे गॅसमधला कार्बन डायऑक्साइड काढून मिथेन ९० टक्क्यांच्या वर न्यावा लागतो आणि तो भरण्यासाठी उच्च दाबाची यंत्रणा लागते. एकट्या शेतकऱ्याचे ते काम नाही, शेतकरी उत्पादक कंपनीने मात्र विचार करावा. गावात पाच-सहा एकत्र कुटुंबे, मोठा गोठा किंवा भाजी मंडई असेल तर १५-२० घनमीटरचे संयंत्र आणि गॅसवर चालणारे इंजिन परवडू शकते. एका घनमीटर गॅसमधून दीड ते दोन युनिट वीज निघते.

स्लरी

गॅस हे निम्मे उत्पन्न. रोज ६०-६५ लिटर स्लरी बाहेर येते, तिचे मोल करणारे फार थोडे आहेत. कर्ब गॅसमध्ये गेला तरी नत्र, स्फुरद, पालाश मागे राहतात, आणि नत्राचा चांगला हिस्सा पिकाला लगेच लागू पडणाऱ्या रूपात असतो. स्लरी उन्हात वाळवली की हाच नत्र अमोनिया होऊन उडून जातो. म्हणून ती ओलीच वापरा, पाटाच्या पाण्याबरोबर सोडा किंवा दुप्पट पाणी घालून झाडाच्या आळ्यात ओता. ठिबकमध्ये सोडायची असेल तर आधी बारीक कापडातून गाळा, पाल्याच्या संयंत्राची स्लरी तंतूंनी भरलेली असते. कोथिंबीर-मुळ्यासारखी कच्ची खायची भाजी काढणीला आली असताना तिच्यावर ओतू नका.

ज्या दिवसांत शेताला पाणी नसते तेव्हा स्लरी पाचट, वाळला पाला आणि बारीक केलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगावर शिंपा. पहिल्या पायरीत टाकीबाहेर ठेवलेला तिसरा ढीग इथे कामाला येतो. हवेत वाढणाऱ्या बुरशांना लिग्निन पचते, स्लरीतून त्यांना नत्र आणि ओल मिळते, आणि तीन-चार महिन्यांत उत्तम कंपोस्ट तयार होते.

अनुदान आणि मुहूर्त

घरगुती बायोगॅससाठी केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या कार्यक्रमातून अनुदान दिले जाते. पंचायत समितीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या कृषी विभागात चौकशी करा. रक्कम संयंत्राच्या आकारावर ठरते आणि वेळोवेळी बदलते, म्हणून चालू वर्षाचा दर आणि लक्ष्यांक तिथेच विचारा. अर्ज बांधकामाच्या आधी करा आणि मंजुरी हातात आल्यावरच खड्डा घ्या. पाल्यावर चालवणार असाल तरी अर्जात जनावरांची संख्या विचारली जाऊ शकते. दोन जनावरे असतील तर तसे खरे लिहा आणि त्या मानाने लहान आकार मागा.

खोदाई दिवाळीनंतर, जमिनीतले पाणी उतरल्यावर घ्या. जानेवारीत बांधकाम आणि चाचणी आटोपली तर फेब्रुवारीच्या अखेरीस वाढत्या उन्हात पहिली भरणी करता येते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत शेगडी पेटते, पाल्याची सवय एप्रिलअखेर पुरी होते, आणि जूनमध्ये बांधावर गवत येईपर्यंत संयंत्र पूर्ण खुराकाला तयार असते.